मलिकाची रेघ

आलापल्लीत चौदा वर्षं झाली मी सुतारकाम करून राह्यलो, अन् चौदा वर्षांत एक लाकूड चुकीचं कापलं नाई. हे मी कोणालेही सांगतो, विचारलं नसलं तरी. माझी बायको आफ्रीन म्हणते, तौसीफ मिस्त्रीचा रंधा कमी अन् तोंड जास्त चालते. म्हणू दे.

यंदा आफ्रीन दवाखान्यात नर्स म्हणून लागली. सकाळी जाते, दोननंतर येते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तशी तिन्ही लेकरं माझ्या गळ्यात पडली. मलिका सात वर्षांची, नूर चारचा, अन् सगळ्यात लहान बाबू, जो चालते कमी अन् पडते जास्त. आफ्रीन म्हणाली, शाळा उघडेपर्यंत तिघांले चिमूरले नानीकडे ठेवू. चिमूर म्हणजे एसटीत अख्खा दिवस जाते. दीड महिना घरात आवाज नाई, या विचारानंच माझं काळीज बसलं. मी म्हटलं, माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात मी सांभाळतो.

"अन् लाकडाचं नुकसान झालं तर?"

"एक फळी जरी वाया गेली ना, मीच तिघांले बसमध्ये बसवून देतो."

बोलून तर बसलो. मग रोजचा तमाशा सुरू झाला. चहात भुसा. माझ्या चपलेत खिळे. बाबू रंध्याच्या सालपटांत लोळून घरी जाये तेव्हा त्याचे कान झाडावे लागत. नूरनं माझ्या बसायच्या पाटालेच सतरा खिळे ठोकले अन् मलेच बोलावून दाखवले. मलिका कानावर पेन्सिल खोसून माझ्या मागं फिरे, मी जे करीन ते करे, मी खोकललो तर खोकले. दिवसातून दहा वेळा ओरडत होतो मी. पण खरं सांगतो, एवढ्या वर्षांत कारखान्यात मले इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी देवाजीभाऊच्या दाराच्या चौकटीचं काम होतं. देवाजीभाऊ अहेरीकडचा धानाचा शेतकरी, नवीन घर बांधून राह्यला होता. सागवान त्यानं वर्षभर जपून ठेवलेलं, जाड, एका रंगाचं. त्यातून चौकटीचा वरचा आडवा तुकडा काढायचा होता. मी माप घेतलं, काटकोन पाहाले गुण्या लावला, रेघ मारली. तेवढ्यात बाबूनं डिंकाचा डबा अंगावर ओतून घेतला. त्याले नळाखाली धरलं, घासलं, पुसलं, रडणं थांबवलं अन् परत आलो. लेकरं असली की मी मशीन लावतच नाई, हातकरवत घेतली. रेघ पायली अन् कापून मोकळा झालो.

मग माप लावलं. तुकडा चार बोटं कमी.

पुन्हा लावलं. चार बोटंच कमी. बाजूले पडलेल्या तुकड्यावर माझी रेघ जशीच्या तशी होती. मी कापलं ते दुसऱ्याच रेघेवर.

"ही रेघ कोणी मारली?" मी असा ओरडलो की शेजारच्या सायकल दुकानातून माणूस डोकावला.

"मी," मलिका म्हणाली. "नूरले शिकवत होती, अब्बा कसे मारतात ते."

हात उचलला गेला माझा, खोटं काऊन बोलू. डोळ्यांसमोर चिमूरची बस उभी राह्यली होती. पण हात वरच थांबला, कारण डोक्यात एकच गोष्ट अडकली. कोणी गिऱ्हाईक येऊन रेघ मारून देते, ती मी पुसून टाकतो. दुसऱ्याची रेघ मले दुरून ओळखू येते. मग ही मले माझी कशी वाटली?

कापल्या तोंडाले गुण्या लावला. मधून केसभर उजेड दिसेना. मग कडेकडेनं उरलेली पेन्सिलची खूण पायली. पोरीनं रेघ लाकडाच्या चारही बाजूंनी फिरवली होती, अन् फिरून जिथून निघाली तिथंच येऊन भिडवली होती. शिकाऊ माणसाची रेघ भिडतच नाई, एक सूत तरी चुकतेच. मले हे जमाले दोन वर्षं लागली, तीही उस्तादाचे फटके खाऊन.

मी खालीच बसलो, भुशात. मलिका बिचारी दूर उभी राहून माझ्या तोंडाकडं पाहत होती.

देवाजीभाऊ बारा वाजता आला. मी सरळ सांगितलं, की कापण्यात चूक झाली, चूक माझी. अन् मग सांगायची गरज नव्हती तेही सांगितलं, की रेघ पोरीची होती. त्यानं तुकडा उचलला, कड अंगठ्यानं चाचपली, मलिकाकडं पायलं.

"एवढीशीनं?" तो म्हणाला. "असू दे मिस्त्री. दार चार बोटं लहान करा. गवंड्याले सांगतो, भिंत भरून घेईन. आमच्या घरी एवढं जाड कोणी नाई."

दोन वाजून गेल्यावर आफ्रीन कारखान्यात आली. दारातूनच तिले चुकलेला तुकडा दिसला, अन् माझं तोंड दिसलं. चिमूरले न्याले लेकरांचे कपडे कोणत्या पिशवीत भरू, एवढंच तिनं विचारलं.

"नानीले फोन कर," मी म्हटलं. "सांग, यंदा जमत नाई."

"तुमीच बोलले होते ना?"

"बोललो होतो. आता फिरलो. लोकांच्या जिभा फिरत नाईत का?"

वरचा तुकडा लहान झाला तर खालचा उंबरठाही तेवढाच लागणार होता. सागवान एवढंच उरलेलं, दुसऱ्यांदा चुकलं तर चौकटच गेली. मी लाकूड कापायच्या घोडीवर ठेवलं अन् मलिकाले बोलावलं. ती भीतभीत आली. मी तिच्या हातात गुण्या दिला.

तिनं जीभ बाहेर काढून रेघ मारली. फिरवली. भिडवली. नूर खाली उकिडवा बसून पाहत होता, बाबू आफ्रीनच्या कडेवर बसून आपले डिंकानं चिकटलेले केस ओढत होता.

मी करवत उचलली.

"तपासत नाई?" आफ्रीन म्हणाली.

"नाई," मी म्हटलं, अन् पोरीच्या रेघेवर करवत चालवली.