सुतारकाकांच्या नाकातला चोर

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्रतारे पाहणारी नव्हे, माणसांच्या नाकात डोकावणारी. पेन्सिलीएवढी माझी पोलादी नळी, आत बारीक भिंगं. ती बसवणाऱ्या कारागीर बाईने मला डोळ्याला लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. तिथून मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे आले. पोरांनी नाकात कोंबलेले मणी, वाकडी हाडं, सर्दीने सुजलेल्या वाटा, सगळं पाहिलं.

एकदा एक सुतारकाका आले. सोबत त्यांची लेक. सहा महिने त्यांची उजवी नाकपुडी बंद होती, मधूनमधून रक्त यायचं. सर्दीची औषधं घेऊन झाली होती.

"भुशाने होत असेल," काका म्हणाले.

बाईंनी मला अलगद आत सरकवलं. आत काळपट खपली होती, कडा कुरतडल्यासारख्या. बाईंचा हात जरा थांबला. त्यांनी तिथला तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला : मेलेल्या पेशी, निदान नाही. दुसऱ्यांदाही तेच.

"पुरे आता, बाई," काका म्हणाले. "नाक आहे हे, फळी नाही. किती तासणार?"

बाई हसल्या, पण हटल्या नाहीत. "आणखी एकदाच, काका. या वेळी खपलीखालचा जिवंत भाग घेते."

त्या तुकड्यावर प्रयोगशाळेत खास रंग चढवले आणि चोर सापडला : लिम्फोमा. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, नाकात क्वचितच होणारा.

"बाबा बरे होतील ना?" लेकीने हळूच विचारलं.

"शब्द देत नाही," बाई म्हणाल्या. "पण तो अजून नाकाबाहेर गेलेला नाही. आपण वेळेत आहोत."

मग रेडिएशन झालं, केमो झाली. काका वाळले, तोंड आलं, पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. लेक वाटी घेऊन बसून राहायची. दर तपासणीला मी आत जायचे. खपली आधी आक्रसली, मग गेली. एका सकाळी आत नुसतं गुलाबी, ओलसर अस्तर दिसलं. बाईंनी लेकीला माझ्या भिंगाला डोळा लावू दिला. ती बराच वेळ बाजूलाच होईना.

त्याला सात वर्षं झाली. काका दरवर्षी तपासून घेतात, हल्ली कॅमेऱ्याच्या नव्या दुर्बिणीतून. माझ्या भिंगावर चरा पडलाय. मी कप्प्यात असते. सिस्टर कधीतरी पुसतात, तेवढं बरं वाटतं.

मित्रांनो, आम्हा साधनांना जपून हाताळा. आणि घरात कुणाची एकच नाकपुडी महिनोन् महिने बंद असेल, रक्त येत असेल, तर त्यांना घेऊन दवाखान्यात जा. एका तपासणीत काही सापडलं नाही, तर हात धरून पुन्हा न्या. माणसं कुरकुरतात, कुरकुरू द्या.