शेवंतीचा शेवटचा होकार

आमची शेवंती मळ्यात पिकते, पण विकली जाते तीन ठिकाणी. मळ्यातल्या शेडवर मी, शहरातल्या द्वारका चौकाच्या दुकानात माझा थोरला मुलगा सोमनाथ, घोटीच्या दुकानात धाकटा भारत. पूर्वी दोघे भाऊ मळ्यातलं एकच कॅरेट दोन गिऱ्हाइकांना कबूल करून बसत आणि मग फोनवर एकमेकांची अक्कल काढत. त्याने फुलं काही वाढत नसत.

सोमनाथची मुलगी हर्षाली कंप्युटरचं शिकून आली. तिने तिन्ही ठिकाणी कंप्युटर मांडले आणि रीत घालून दिली. मोठी ऑर्डर आली की आधी प्रत्येकाला विचारणा, तुमची फुलं देता का? जो हो म्हणेल त्याची फुलं बांधली गेली, दुसऱ्याला विकायची नाहीत. सगळ्यांचे हो आले की शेवटचा शब्द, पक्कं. एकानेही नाही म्हटलं तर सगळ्यांची सुटली.

"अर्धी ऑर्डर असं काही नसतंच, आजी. एकतर पुरी, नाहीतर काहीच नाही."

आता पक्कं कोणी म्हणायचं यावर दोघे भाऊ जुंपले. मी म्हटलं, या घरात मला विचारल्याशिवाय काही पक्कं झालंय का आजवर? ते बटण माझ्या फोनवर आलं.

"मग तू कायम हजर पाहिजेस," हर्षाली म्हणाली.

"मी कुठे पळून चालले?"

पोरीला पुण्याची नोकरी चालून आली होती. या लग्नसराईत हे चाललं तर राहीन, नाहीतर जाईन, असं तिने सांगून ठेवलं होतं. ती राहावी असं मला वाटत होतं. तसं मी बोलले नाही. आपणहून गळ्यात पडायची सवय नाही मला.

मग घोटीच्या एका लग्नाच्या लॉन्सची ऑर्डर आली, मंडपभर शेवंतीची. तिन्हीकडची फुलं लागणार होती. मळ्यावरच्या गड्याने हो म्हटलं, सोमनाथने म्हटलं, भारतने म्हटलं. मी तेव्हा रामकुंडावर, माझ्या नणंदेच्या, मालनबाईच्या दहाव्याला. फोन बंद करून पिशवीत. मागे एका दहाव्याला गुरुजींच्या मंत्रात कोणाच्या खिशातून नाचाचं गाणं वाजलं होतं, तशी शोभा मला करायची नव्हती.

पिंड मांडला, पण कावळा शिवेना. तिचा मुलगा जयराम हात जोडून म्हणाला, "आई, तुझ्या कोंबड्या सांभाळीन." कावळा तारेवर बसून राहिला. सुनेने भांडी न विकायचं कबूल केलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मामी, तुमचं काही राहिलंय का?" जयरामने विचारलं.

"माझं काही राहिलेलं नाय. तिचं राहिलं असेल तर तिने सांगावं."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

इकडे फुलं बांधलेली. सोमनाथ गिऱ्हाइकं परत पाठवत बसला. भारतला मात्र दम निघाला नाही. त्याने हो म्हणून झाल्यावर आपली फुलं रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना हातोहात विकून टाकली. घरी येऊन मी फोन चालू केला, प्रश्न समोर होता, पक्कं दाबलं. मंडपाची कमान भरली आणि नवरा-नवरीच्या खुर्चीमागे नुसता पडदा राहिला.

संध्याकाळी सगळे मळ्यावर जमले.

"लय झालं हे," भारत म्हणाला. "फुलं मान टाकत होती. मी काय त्यांना गाणी म्हणून दाखवू? काढ गं ते डबडं."

हर्षालीने वाद घातला नाही. वायर गुंडाळायला लागली. वायर कसली, पुण्याला जायचं सामानच गुंडाळत होती ती.

मी म्हटलं, "कावळा आला नाय म्हणून मालनबाईला आम्ही तिथेच ठेवून नाय आलो. दर्भाचा केला, काम झालं."

"आई, इथं फुलांचं चाललंय," सोमनाथ म्हणाला.

हर्षालीचा हात मात्र थांबला. "किती वेळ थांबले गुरुजी?"

"त्यांना पुढचा दहावा होता. तेवढाच."

"म्हणजे मुदत पाहिजे. मुदतीत तुझा शब्द नाही आला तर दुसऱ्याचा धरायचा." मग भारतकडे वळली. "पण हो म्हणून मागच्या दाराने विकणं कुठल्याच मशीनला सावरता येत नाही, काका."

भारत पंख्याकडे बघायला लागला. तरी दुसरा कोण म्हटल्यावर दोघांनी आपापलं नाव पुढे केलंच.

"दुसरी हर्षाली," मी म्हटलं. "आणि ती इथे राहून."

"आजी, मला न विचारता बांधतेस?"

"फुलं बांधताना तू फुलांना विचारतेस का?"

ती हसली. वायर उलगडून परत लावली आणि पुण्याच्या नोकरीला नकार कळवायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑर्डर आली. तिन्हीकडचे हो आले. फोन माझ्या मांडीवर होता, मुदत सरली आणि पोरीच्या शब्दावर फुलं गेली. मी मुद्दाम दाबलं नाही असं भारत सांगत फिरतो. मी चष्मा शोधत होते.