डावरीचा सोलो

डाव्या हाताने गिटार वाजवायची म्हणून तिला सगळे ‘डावरी’ म्हणायचे. बँड तिनेच उभा केला, धाकट्या भावाला ड्रमवर बसवून. गायक नंतर आला. दिसायला देखणा, बोलायला मधाळ. गळ्यात गिटार असायची, पण नुसती शोभेची. साउंडवाले त्या गिटारचा आवाज बंदच ठेवायचे.

पहिली रेकॉर्ड गाजली ती एका सोलोमुळे. पाऊण मिनिट नुसती गिटार. तापाने फणफणलेल्या आईच्या उशाशी बसून डावरीने तो बांधला होता. पुढे मनगट मोडलं म्हणून ती दोन महिने घरी बसली, तेवढ्यात गायकाने दुसरा गिटारवाला आणला. रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा गायकाने सोलोखाली स्वतःचं नाव घातलं.

भाऊ म्हणाला, “ताई, बँड मोडला तर मी काय करू? जाऊ दे ना.”

तिने जाऊ दिलं. म्हणजे तोंडाने. पोटातला निखारा तसाच.

अठरा वर्षं ती वाद्यांच्या दुकानात तारा बदलत राहिली, शिकवण्या करत राहिली. गायक मुलाखतींत सांगायचा, “तो सोलो मला स्वप्नात सुचला.” ती दुकानातल्या टीव्हीचा आवाज मोठा करून ऐकायची.

मग दुसरा गिटारवाला ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर भांडून निघून गेला. भाऊ दारात आला, मान खाली घालून. “ताई, तुझ्याशिवाय निभत नाही.”

“येते की,” ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की भाऊ चपापला.

सकाळी तालमीत तिने सोलो चोख वाजवला. मग ती साउंडवाल्याकडे गेली. तो तिचा जुना विद्यार्थी. गायकाच्या शिव्या त्यानेही पोटभर खाल्लेल्या.

“सोलोला त्याच्या गिटारचा आवाज पूर्ण उघड.”

“उघडतो, बाई. चुकून हात लागला म्हणेन.”

दुपारी मैदान तुडुंब भरलं. गाणं सोलोपाशी आलं तशी डावरी तारांवरचा हात काढून माइकपाशी गेली. “ज्याला हा स्वप्नात सुचला, त्याच्याच हातून ऐका!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गायक पांढराफटक. दोन सूर कसेबसे निघाले, तिसऱ्याला बोट घसरलं आणि मैदानभर कर्कश किंचाळी उठली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मागच्या रांगाही हसल्या.

“वाजव ना, पाया पडतो,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“आधी सांग कुणाचा ते. माइकवर.”

तो माइककडे वळला. “हिचा... हिने बांधलाय तो.”

डावरीने गिटारची वायर उपटली आणि पायऱ्या उतरली.

“अगं, आता तरी वाजव!” मागून भाऊ ओरडला.

“आता मला इच्छा नाही.”

महिनाभराने बँड मोडला. “आमच्या पोटावर पाय दिलास,” भावाने फोनवर सुनावलं आणि येणं-जाणं तोडलं. त्याचं तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण गायकाचा तो चेहरा आठवला की भाजी चिरतानाही तिला हसू फुटायचं.