थोरलीचं नाव

निल्दा रोकाबादोनं अर्जाच्या तळाशी पेन्सिलीनं फुली मारली, पेन उलटं करून पुढं धरलं आणि म्हणाली, "इथं सही करा, की झालं काम. पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू."

समोरच्या बाईनं पेन घेतलं नाही. तिचे हात शालीत होते, ते तसेच राहिले.

पुनाता गावच्या चर्चच्या ओवरीत दर मंगळवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दोन वकील टेबल टाकून बसत. फी घेत नसत. निल्दा आपलं ऑफिस अर्धा दिवस बंद ठेवून येई. शेजारी एलिओदोरो जजसाहेब. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी घरी करमत नाही म्हणून येत. पण फुकट म्हटलं तरी लोक रिकाम्या हातानं येतात होय! टेबलाखाली सकाळपासून कणसांच्या दोन पिशव्या आणि पाय बांधलेली एक कोंबडी जमा झाली होती, आणि जजसाहेब दर पाच मिनिटांनी तिच्यापासून पाय आखडून घेत होते.

रांगेत अजून चौदा माणसं होती. निल्दाला सोपी कामं आवडायची, कारण ती क्वचितच यायची. हे काम सोपं होतं. सेनोबिया क्लारोस, गेल्या महिन्यात साठ पूर्ण, कागद सगळे जागच्या जागी. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला उकडलेला मका विकायची. तीस वर्षं जमिनीवर बसून बसून तिचे गुडघे कामातून गेले होते. आज ओवरीच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली, ते निल्दानं पाहिलं होतं. पेन्शन आलं की बाई घरी बसेल, एवढी सरळ गोष्ट.

"सही येत नाही का? अंगठा चालेल."

"येते. लिहायला तेवढंच येतं." सेनोबियानं शालीतून एक हात काढला आणि टेबलावरचं आपलं ओळखपत्र बोटानं निल्दाकडं सरकवलं. "पण हे माझं नाही."

निल्दानं फोटो पाहिला, मग बाई पाहिली. तेच रुंद गाल, त्याच दोन वेण्या.

"तुमचंच आहे की."

"तोंड माझं आहे. नाव माझ्या बहिणीचं."

जजसाहेब दोन भावांचं पाटाच्या पाण्यावरचं भांडण ऐकत होते. त्यांची मान इकडं वळली आणि पुन्हा सरळ झाली.

सेनोबियानं सांगितलं ते असं. तिच्या आधी तीन वर्षं घरात एक मुलगी झाली होती. बाप पाच तास चालत नोंदणी कचेरीत गेला, नाव घालून कागद घेऊन आला. मुलगी अकरा महिन्यांची होऊन तापानं गेली. मेल्याची नोंद करायला परत पाच तास कोण चालणार? पुढं ही झाली. नोंदीला उशीर झाला की दंड, आणि घरात तर शिक्क्याचा चांगला कागद पडून होता. आईबापांनी तोच हिला लावला. डोंगरातल्या गावांत तेव्हा हे सर्रास चालायचं, थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगात घालावा तसं. निल्दाच्या हाताखालून अशी चारपाच प्रकरणं गेली होती.

तिनं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"डोन्या सेनोबिया, हे अजून कुणाला बोललात?"

"आई गेल्या वर्षी जाताना मला सांगून गेली. मी आता तुम्हाला सांगतेय."

"मग इथंच थांबा. मी काही ऐकलं नाही. कागदावर तुम्ही साठच्या आहात. खरं सांगितलंत तर सत्तावन्न, म्हणजे पेन्शन तीन वर्षं लांबलं. शिवाय लग्नाचा दाखला, पोरांचे दाखले, घराचा कागद, सगळ्यांवर हेच नाव. सगळे बदलायचे. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल, शहरात खेटे घालावे लागतील. तुमचं काय अडलं हो त्या नावावाचून? आजवर चाललंच ना?"

हे सांगणं वकिलाला शोभत नव्हतं, हे तिला कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं त्या तीन पायऱ्या होत्या.

"माझं चाललं," सेनोबिया म्हणाली. "तिचं अडलंय."

"कुणाचं?"

"तिचंच. गेल्या नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाला, आईसाठी पहिल्यांदा मेज मांडलं. पाव भाजले, ऊस उभे केले, मक्याच्या दारूचा, चिचाचा घडा ठेवला. प्रार्थना म्हणणारा आला, म्हणाला, कुणाकुणाला बोलवायचं? मी म्हटलं, आईला, बापाला आणि सेनोबियाला. तो ताडकन उठला. म्हणाला, जित्या बाईचं नाव मी मेलेल्यांच्या मेजावर घेत नाही, तुला जायची घाई असली तर दुसरा माणूस बघ." ती जराशी हसली. "त्याचं काही चुकलं नाही. पण वकीलबाई, सगळ्यांचे मेलेले वर्षातून एकदा घरी येतात, जेवून जातात. त्या पोरीला कुणी कधी बोलावलंच नाही. नाव मी घेऊन बसलेय."

"मग हळू बोलवा. दार लावून घ्या आणि घरातल्या घरात बोलवा. कायदा काही ऐकायला येत नाही."

"कायदा नाही येत. पण ती तरी कशी येईल? त्या नावानं हाक मारली की मीच ओ देते."

भावांना गप्प बसायची खूण करून जजसाहेब इकडं वाकले. माणूस मायाळू होता, पण तोडगा काढल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"बाई, असं करा. आधी पेन्शन घ्या. तीन वर्षांनी बहिणीचं बघू. एवढी थांबलीय, अजून थोडी थांबेल."

सेनोबियानं त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं.

"अकरा महिन्यांचं पोर आहे ते, जजसाहेब. तुमच्या घरात एवढ्याशा पोराला भुकेलं ठेवून आधी कोण जेवतं?"

जजसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

निल्दाला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. जन्मभर उन्हात बसलेल्या बाईच्या पदरात चार घास पडायची वेळ आली, तर ते घास ही अशी उचलून दुसऱ्या पानात वाढत होती. आणि तिला अडवायला कायद्यात एकही कलम नव्हतं.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "पुन्हा त्याच जमिनीवर बसायचं. नक्की ना?"

"बसायची सवय आहे मला."

निल्दानं पेन्शनचा अर्ज मधोमध फाडला. मग कोरा कागद घेऊन वरच्या ओळीत लिहिलं, मयत सेनोबिया क्लारोस, वय अकरा महिने. लिहिलेलं वाचून दाखवलं. बाईनं मान डोलावली आणि ओळखीच्या त्या नावावर क्षणभर बोट टेकवलं.

"अर्जदाराचं नाव?"

बाईनं टेबलावरच्या ओळखपत्राकडं पाहिलं.

"तुमचं नाव. नवं. आई काय म्हणायची तुम्हाला?"

"पोरी."

"एवढंच?"

"एवढंच. मास्तर, शेजारीपाजारी, नवरा, सगळे सेनोबिया म्हणायचे. आईनं एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, मी तिला आवडत नाही. अंगणातून कुणी सेनोबिया म्हणून हाक मारली, की आई आधी दाराकडं बघायची, मग माझ्याकडं."

निल्दानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ही जागा कोरी ठेवते," ती म्हणाली. "घरी जाऊन ठरवा. नातवंडांना विचारा. मला पुढच्या मंगळवारी सांगा. आणि एक सांगून ठेवते, या नोव्हेंबरपर्यंत काही होणार नाही."

"पुढच्या?"

"पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी करून देते."

बाईनं गाठोडं सोडलं, उकडलेल्या मक्याची पुरचुंडी टेबलावर ठेवली, अजून गरम होती. मग टेबलाच्या कडेला धरून ती उठली, पायऱ्या एकेक करून उतरली आणि बटाट्याच्या पोत्यांमधून निघून गेली.

निल्दानं पुढच्या माणसाला बसवलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की साक्षीदारांचं सांगायचं राहिलं. ती उभी राहिली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. नुसतं 'डोन्या', म्हणजे 'बाई', म्हटलं असतं तर अर्ध्या बाजारानं वळून पाहिलं असतं. आणि सेनोबिया हे नाव तर तिनं आत्ताच, आपल्या हातानं, वरच्या ओळीत लिहिलं होतं.

"मारा की हाक," जजसाहेब म्हणाले. "उभ्या का?"

निल्दा खुर्चीमागून बाहेर आली, पायऱ्या उतरली, पोत्यांवरून, कांद्यांच्या ढिगावरून, कुणाच्या तरी शिव्या खात बाजार कापत गेली. तळणाच्या धुरात ती तपकिरी शाल दिसली तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं मागून खांद्याला हात लावला.

बाई वळली.

"दोन साक्षीदार लागतील," निल्दा म्हणाली. "मंगळवारी घेऊन या."

"कशाचे?"

"ती होती याचे."

बाईनं शाल सारखी केली.

"तिला ज्यानं पुरलं तो माझा मामा अजून आहे," ती म्हणाली. "ऐकू कमी येतं त्याला. पण तिचं नाव घेतलं की रडतो."