तिसऱ्या पायरीवरून

मायरॉनने गॅसच्या नळाची दांडी आडवी केली, हात पँटला पुसले आणि मान न वळवता विचारलं,

"गॅस?"

"बंद," तिसऱ्या पायरीवरून स्टेफा म्हणाली.

"वीज?"

"बंद. मघाशीच केलीस की, जिन्यावरच्या लाल बटणाने."

तळघरात भट्टीसमोर तो पालथ्या खोक्यावर बसला होता. भट्टी कसली, राखाडी पत्र्याचं उभं कपाटच. ही खाली जळते तेव्हा वरच्या खोल्यांत ऊब येते. कॅनडातल्या विनिपेगच्या हिवाळ्यात ती एक रात्र बंद पडली तर पाणी गोठून नळ फुटतात आणि माणसांचे हाल कुत्रा खात नाही. म्हणून दर सप्टेंबरात, कोबी बरण्यांत भरून झाला की पुढच्या शनिवारी, मायरॉन तिची साफसफाई करायचा. चाळीस वर्षं लोकांच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेलेली. घरच्या भट्टीला परका हात लागू देईल तर शपथ! आणि स्टेफा पायरीवर बसून उत्तरं द्यायची. एकट्याने काम करताना एखादी गोष्ट राहून जाते, म्हणून प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, ही त्याची कामावरची सवय त्याने घरी आणली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला याचं हसू यायचं. पुढे तिला ते सगळं पाठच झालं. मांडीवर परात घेऊन ती बटाटा भरलेल्या पेरोगींच्या कडा मुडपत बसायची आणि वर न बघताच "झालं" म्हणायची.

यंदा मात्र वर स्वयंपाकघरात त्यांची लेक, लेसिया, येऊन बसली होती. वसंतात मायरॉनने दोनदा किटली जाळली आणि एकदा चर्चहून परतताना स्वतःच्याच गल्लीत चुकला. लेसियाने शहराच्या दक्षिणेला, आपल्या घराजवळ, दोघांसाठी फ्लॅट बघून ठेवला होता. त्यावरून बापलेकीचं चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं असं, की बाबांनी दरवर्षीसारखी भट्टी साफ करायची. पेटली तर लेसिया वर्षभर फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही पेटली तर घर विकायचं.

"हात कसे चालतायत बघ माझे," मायरॉन म्हणाला. "म्हणे विसरतो!"

"हातांना कोण नावं ठेवतंय? बोलू नकोस, काम कर."

त्याने वरचं झाकण उतरवलं, मग खालचं. दोन्ही झाकणं भिंतीला टेकवली. बर्नरवरची धूळ ब्रशने झाडली. ज्योत ओळखणारी बारीक कांडी काढून तारेच्या घासणीने हलक्या हाताने घासली. हवा गाळणारी खालची मळकट जाळी ओढून काढली, नवी सरकवली, तिच्यावरचा बाण पंख्याकडे.

"जाळी?"

"झालं."

जमिनीलगतच्या छोट्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. बाहेर वाळलेल्या शेपूच्या काड्या हलत होत्या आणि त्यांच्या सावल्या भट्टीच्या पत्र्यावर ये-जा करत होत्या. झाडलेली धूळ खाली बसायचं नाव घेत नव्हती. उन्हात नुसती तरंगत होती. मायरॉनचा ब्रश थांबला. बरणीतल्या कोबीला कुठेतरी बुडबुडा आला तेवढा आवाज झाला.

"आई आम्हाला भट्टीवर झोपवायची," तो म्हणाला. "शेतावरच्या. मातीची होती ना ती. खाली पाव भाजलेला असायचा आणि वर आम्ही तिघं आणि मांजर. बाहेर बर्फ पडतंय ते ऐकू यायचं बघ."

"बर्फाचा कुठे आवाज असतो रे?"

"तिथे होता."

स्टेफाच्या बोटांत पिठाची पारी तशीच राहिली. तिनेही ती मातीची भट्टी एकदा पाहिली होती, नवी नवरी म्हणून गेली तेव्हा. सासूने तिला वर बसवलं होतं आणि पाठीला इतकी ऊब लागली होती की बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. आत्ताही तिला तसंच वाटत होतं. हा असाच बसून राहावा, ऊन असंच राहावं आणि वरून कोणी हाक मारू नये. या घराशिवाय आपण कुठे मावणारच नाही, असं तिला वाटलं.

"तातो!" लेसियाने वरून बापाला हाक मारलीच. "झालं का? माझा हात इथल्या गरम हवेच्या जाळीवर धरून धरून आखडला!"

मायरॉन दचकला. हातातल्या ब्रशकडे तो जरा वेळ बघत राहिला. तो काहीच विचारेना, तेव्हा स्टेफानेच सुरुवात केली.

"बर्नर?"

"हां. झालं."

"कांडी?"

"लावली." त्याने ती खरंच लावली होती.

"मग गॅस सोड."

त्याने दांडी उभी केली. स्टेफाने वर तोंड करून लेसियाला लाल बटण दाबायला सांगितलं.

काहीच झालं नाही.

मायरॉनने बर्नरच्या पोटात डोकावून पाहिलं. वायरी चाचपल्या. पुन्हा पाहिलं. त्याच्या मानेवर घाम आला. "असं कसं?" तो पुटपुटला. "असं कसं होईल?"

स्टेफाला दिसत होतं. दोन्ही झाकणं अजून भिंतीलाच टेकलेली होती; वरचं नसलं तरी चालतं, पण खालचं नाही. ते बसल्याशिवाय आतला खटका दबत नाही आणि खटका दबल्याशिवाय भट्टी हूं की चूं करत नाही. याच गोष्टीवरून त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांची टिंगल केली होती. जेवताना हसून हसून सांगायचा, बाई रडत होती आणि झाकण सोफ्यावर होतं!

"टॉर्च आणतो," तो म्हणाला आणि तळघराच्या पलीकडच्या टोकाला, हत्यारांच्या टेबलाकडे गेला.

स्टेफाने परात बाजूला ठेवली. गुडघे कुरकुरले, तरी ती झटकन उतरली. तिने झाकण उचललं, खालचे आकडे खाचेत बसवले आणि वरून तळहाताने दाबलं. खट्.

आधी आतला छोटा पंखा घुमला. मग पेटवणारी तार तापून नारिंगी झाली आणि भप्पकन निळ्या ज्योतींची ओळ उभी राहिली. मायरॉन टॉर्च घेऊन आला तेव्हा स्टेफा पुन्हा पायरीवर बसून पेरोगी मुडपत होती.

"गरम येतंय!" लेसिया वरून ओरडली. "तातो, गरम येतंय!"

मायरॉनने भट्टीकडे पाहिलं, मग बायकोकडे. टॉर्च खोक्यावर ठेवला आणि कठडा धरून जिना चढला. स्टेफा परात घेऊन मागोमाग गेली.

स्वयंपाकघरात लेसियाने त्याच्या गळ्यात हात टाकले. तिचे डोळे भरले होते. हरल्याचा तिला आनंदच झाला होता. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "वर्षभर चकार शब्द काढणार नाही."

"मी नाही पेटवली," मायरॉन म्हणाला. "तुझ्या आईने पेटवली. झाकण मी विसरलो होतो. खट् वाजलं ते मला ऐकू आलं. चाळीस वर्षं ऐकतोय."

"गप रे म्हाताऱ्या!" स्टेफा कडाडली. "कुणी विचारलं होतं तुला?"

"झाकण विसरलं तर ती पेटत नाही, तेवढं बरं असतं. दुसरं काही विसरलं तरी ती पेटते."

"मग मी आहे ना!" तिचा आवाज चढला. "तू हात चालव, मी विचारत जाईन. दरवर्षी तेच तर करतोय. सगळं पाठ आहे मला. मी असताना काही राहायचं नाही या घरात!"

मायरॉनने तिच्याकडे पाहिलं. तिला हरवायचं त्याच्या मनात नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याने कामावरच्या आवाजात विचारलं,

"साबणाचं पाणी?"

गॅस सोडला की भट्टी पेटवायच्या आधी सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं; बुडबुडे आले तर गॅस गळतोय. दर वर्षी तो हे विचारायचा आणि ती "झालं" म्हणायची. आत्ताही तिने त्यासाठी तोंड उघडलं.

आज ते लावलंच नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येत होती आणि लेसियाच्या झग्याची कड त्या हवेने हलत होती.  मग मायरॉन जिन्याच्या दारापर्यंत गेला आणि त्याने लाल बटण बंद केलं. खाली जाऊन गॅसही बंद करून आला. भट्टीची घरघर हळूहळू विरली.

"गॅस कंपनीच्या माणसाला बोलाव," तो लेसियाला म्हणाला. "आजच. आणि खिडकी उघड जरा."

लेसिया फोन शोधू लागली. मायरॉन खुर्चीत बसला. स्टेफाने परात टेबलावर ठेवली आणि बराच वेळ पिठाने माखलेले हात पुसत उभी राहिली.

"त्या फ्लॅटच्या खिडक्या," तिने लेकीला विचारलं, "पूर्वेला आहेत ना गं? याला सकाळचं ऊन लागतं."