उत्तरेकडचे प्रस्थान

जमिनीवर उतरल्यावर पहिले दोन दिवस जमीन हलते. याचे कारण अंतर्कर्णात आहे. चौदा महिने नौकेवर राहिलेला मेंदू स्थिर वस्तूंनाही लाटा बहाल करीत राहतो. हे ठाऊक असूनही तंजावरात, मेलवीथी या रस्त्यावरील अक्काच्या ओट्यावर पाठ टेकली की समोरचे नारळ, त्यांमागचे देवळाचे शिखर आणि दुपारचे पांढरे आकाश दोर सैल सोडल्यासारखे हळूहळू वाहू लागे.

१९९६ चा फेब्रुवारी संपत आला होता. सागरविज्ञान संस्थेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी आणि विनुता बत्तीस फुटी शिडाच्या नौकेवरच संसार करीत होतो. नौका नागपट्टिणमला तिथल्या एका लहान नदीच्या मुखाशी नांगरलेली होती. सोमवारी तिथे परतायचे आणि मंगळवारी पोर्ट ब्लेअरला निघायचे, असे ठरले होते. सरळ पूर्वेला साडेसातशे सागरी मैल. एप्रिलपासून हा उपसागर वादळांचा होतो, म्हणून प्रत्येक दिवस मोलाचा होता.

माझी थोरली बहीण भामाक्का हिने तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर हजारदा काढलेले कावेरीचे मुख तिला एकदा समुद्राच्या बाजूने पाहायचे होते. तिने तीन पत्रांत तेवढेच मागितले आणि मी तिन्ही वेळा सकारण नकार कळवला. वय एकाहत्तर, डावा गुडघा निकामी, जागा आमच्या वाटेपासून तेवीस मैल उत्तरेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. शिवाय या दिवसांत तिथे नदी नसतेच, वाळूचा बांध असतो.

"तुजें सगळें खरें," एवढेच ती आम्ही आलो त्या दिवशी म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी तिने प्रस्थान ठेवले. आमच्या घरची रीत अशी, की मुहूर्त आला आणि निघणे जमत नसले, तर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि प्रवाशाला लागणारी एक वस्तू फडक्यात बांधून जायच्या दिशेच्या घरी ठेवायची. प्रवास तेव्हापासून सुरू झाला असे धरतात. मग तीन दिवसांत निघावे लागते आणि गाठोडे उंबऱ्याच्या आत परत येत नाही. मी हरकत घेतली नाही. वजन अर्धा किलो, उपद्रव शून्य.

शनिवारी विनुता रस्त्याच्या टोकाकडून येत होती, तर अक्का मला विचारते, "कोण रे ती?"

"अक्का, तुझा चष्मा कुठाय?"

"असेल कुठेंतरी."

विनुताने सगळी कपाटे धुंडाळली. चष्मा मिळाला नाही.

रविवारी शेजारचे सीतारामराव कापी, म्हणजे कॉफी, प्यायला आले. पापनाशमला स्टेशनमास्तर होते; वेळेबाहेर काही राहिलेले त्यांना खपत नसे. "अनिरुद्धा, गाठोडें उद्या उचलणार ना? उंदीर तांदळावर टपलेत."

मी पेला खाली ठेवला. सीतारामरावांचे घर आमच्या उत्तरेला आहे. पूर्वेचे घर रस्त्यापलीकडचे, कामाक्षीचे.

"अक्का, चुकलीस! आम्ही पूर्वेला जातो आहोत. तीस वर्षं भूगोल शिकवलास म्हणे."

अक्का शेवग्याचा पाला निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिशा मी चुकत नाहीं."

आधी विनुता हसली. मग ती उठून सीतारामरावांच्या ओट्यावर गेली आणि तिथेच तिने फडके सोडले. तांदळात अक्काचा चष्मा होता.

"हे प्रस्थान कुणाचे मग?" मी विचारले.

"ज्याची वस्तू, त्याचें," सीतारामराव म्हणाले. "अक्का शुक्रवारींच सुटली, बाबा. तूं अजून फलाटावर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर राहीन अशीच," अक्का म्हणाली. "गाठोडें घरीं येत नाहीं."

"दुसरा चष्मा करता येतो."

"येतो की. पण त्यांतून पाहूं काय? तुजीं पत्रें?"

त्या दुपारी मी नकाशा पसरला. नकाराची कारणे पुन्हा तपासली. सर्व अजूनही बरोबर होती. मग पूर्वेची रेघ खोडून उत्तरेची काढली. दोन दिवस जास्त लागणार होते.

सोमवारी निघताना अक्काने गाठोडे शेजारच्या ओट्यावरून उचलले आणि चष्मा लावला. मंगळवारी पहाटे शीड चढले. वारा अपेक्षेपेक्षा मवाळ निघाला. याचे श्रेय मी कोणालाही देत नाही. विनुता सुकाणूवर होती. किनारा डावीकडे फिकट रेघ होऊन तरंगत होता, मध्येच नाहीसा होत होता. अक्का गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. तासन्‌तास नौका तशीच सरकत राहिली. पाणी आणि आकाश यांची सीमा कुठे पुसली गेली, ते मलाही सांगता आले नसते.

दुपारी नांगर टाकला. समोर वाळूचा बांध, त्यावर चार ताड. नदी नव्हती.

"दिसतंय काही?" मी विचारले.

"नाहीं. तूं लिहिलेंस तसेंच आहे." ती तिकडेच पाहत होती. "मी फळ्यावर इथें बाण काढीत असें. पोरें विचारीत, बाणापुढें काय? मी म्हणे, समुद्र." बोटाने तिने पाण्यावर हळूच रेघ ओढली. "पुढें आपण बसलों आहोंत."

ठरल्याप्रमाणे तिला किनाऱ्यावर उतरवायला कोळ्याची होडी आली. तिथून ती बसने घरी जाणार होती. उत्तरेचा वारा सुटला होता, पूर्वेला निघण्यास उत्तम. मी नोंदवहीत वेळ आणि स्थान लिहिले. 'नदी दिसली नाही' हे लिहायचे राहिले होते. अक्काने चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

मी कोळ्याला हाताने खूण केली: संध्याकाळी ये.