केसभरही वाकलो नाही

मी पिंजरा बोलतोय. पोपटाचा नव्हे, वाघाचा तर नव्हेच. मी गाडीतला पिंजरा. शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या भोवती जाड पोलादी पाइपांचा सांगाडा बसवतात ना, तो मी. गाडीने कोलांट्या खाल्ल्या तरी छत खाली बसू नये आणि आतला माणूस चेपू नये, एवढंच माझं काम. आता माझे तुकडे झाले आहेत. बाकीचे भंगारात गेले. उरलेला हातभर तुकडा तुमच्याशी बोलतोय, तेव्हा आवाज जरा पोकळ वाटला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. शेडचे मालक वेल्डर होते आणि सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शर्यतीच्या गाड्यांना पिंजरे करून देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मान वाकडी करून ते गाडीच्या पोटात शिरायचे, तासन्‌तास आत बसून एकेक जोड मारायचे आणि जोड थंड झाला की त्यावरून अंगठा फिरवायचे. खडबडीत लागला तर पुन्हा मशीन हातात घ्यायचे. आमचं पोलादही तसंच निवडक, वाकणं माहीत नसलेलं. मला त्याचा भारी तोरा होता.

शेडमध्ये खिळ्याला एक जुनं लाल हेल्मेट टांगलेलं असे. त्याची काच कधीच गेलेली, आतलं अस्तर लोंबत असलेलं. ते घालून कुणी गाडी चालवत नसे. ते मापाचं हेल्मेट. गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं, मापाचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवायचं आणि हेल्मेट आणि पाइप यांच्यामध्ये आपला पंजा आडवा घालून बघायचा. चार बोटं मावली की उस्ताद म्हणायचे, "झालं." मग हेल्मेट परत खिळ्याला. शर्यतवाले आपापली हेल्मेटं घेऊन मैदानात उतरायचे. ती काळजी उस्तादांनी कधी केली नाही, कारण त्यांना कधी करावी लागली नाही.

माझ्या आधी याच शेडमध्ये माझा थोरला भाऊ तयार झाला. तो वादळच्या गाडीत बसला. वादळ म्हणजे उस्तादांचं लाडकं गिऱ्हाईक. वळणावर कुणाच्या बापाला न भिणारा, पण शेडमध्ये पाल दिसली की टेबलावर चढणारा. एका शर्यतीत वादळची गाडी तीनदा उलटून चाकं वर करून पडली. उस्ताद कुंपणाशी उभे होते. तेवढ्यात खिडकीतून वादळ सरपटत बाहेर आला, त्याने हेल्मेट काढलं आणि आधी पाणी मागितलं. त्या दिवसापासून उस्तादांचा पाइपांवर असा विश्वास बसला की विचारू नका.

आता ताईची गोष्ट. ताई म्हणजे उस्तादांची एकुलती एक मुलगी. घरात लहानमोठे सगळेच तिला ताई म्हणत, बापसुद्धा. ती दवाखान्यात नर्स. रोज सकाळी आपल्या लहानशा गाडीने ड्यूटीला जायची आणि दुपारी यायची. एकदा वाटेत एक ट्रक तिच्या गाडीला घासून गेला. आरसा गेला, दार फाटलं, तिला ओरखडाही आला नाही. ती हसत घरी आली. उस्तादांना मात्र त्या दिवसापासून घास गोड लागेना. फाटलेल्या दारासमोर ते उभे राहायचे आणि परत परत तेच विचारायचे, ट्रक आणखी वीतभर आत आला असता तर?

आठवडाभराने त्यांनी ताईची गाडी शेडमध्ये ओढली आणि पाइप कापायला घेतले. अशी माझी सुरुवात झाली.

ताईची आई दारात उभी राहून म्हणाली की घराचा पिंजरा केलाय तेवढा तुम्हाला पुरत नाही वाटतं. उस्तादांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ताईनेही आधी नको म्हटलं. मागची सीट काढावी लागणार, मैत्रिणींना सोडता येणार नाही, दारात आडवे पाइप आले की चढउतार कशी करायची, तिने सगळं बोलून बघितलं. मग तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे गाल आत गेले होते. "तुमच्या जिवाला बरं वाटणार असेल तर बसवा, बाबा," ती म्हणाली.

उस्तादांनी तिला सीटवर बसवलं, खिळ्यावरचं लाल हेल्मेट काढलं, आतली धूळ फुंकली आणि तिच्या डोक्यावर चढवलं. पंजा आडवा घातला. चार बोटं. "झालं." हेल्मेट काढल्यावर तर जागा आणखीच वाढली, तेव्हा उस्ताद जास्तच खूश झाले. जेवढी जागा जास्त तेवढं बरं, असं त्यांनी धरलं. हेल्मेट परत खिळ्याला गेलं. त्या वेळी माझ्याही डोक्यात काही आलं नाही. मला डोकं नाहीच म्हणा, पण डोक्यांशीच माझा सगळा संबंध, मला तरी कळायला हवं होतं.

माझे शेवटचे जोड झाले, रंग चढला आणि मी रस्त्यावर आलो. पहिल्या दिवशी ताईने आधी एक पाय आत टाकला, मग कंबर वाकवली, मग दुसरा पाय हाताने उचलून घेतला. शेजारच्या काकू गॅलरीतून बघतच राहिल्या. दवाखान्याच्या आवारात बाकीच्या नर्सेस म्हणायच्या, आली गं वाघीण पिंजऱ्यातून. ताई त्यांच्यावर खोटं खोटं गुरगुरायची. मला ते सगळं फार आवडायचं. शर्यतीच्या धुळीपेक्षा हे बरं वाटायचं: सकाळचं ऊन, तिची डब्याची पिशवी माझ्या पाइपाला अडकवलेली, आणि लाल सिग्नलला तिचं स्वतःशीच गुणगुणणं.

उस्तादांनी शर्यतीचा पट्टाही बसवला होता, दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून माणसाला सीटशी बांधून टाकणारा. तो आवळला की ताईला पुढे वाकता येईना, आणि पुढे वाकल्याशिवाय चौकात गल्लीतली गाडी दिसेना. म्हणून तिने तो सैल केला. रोज थोडा थोडा. शेवटी तो खांद्यावर नुसता टाकलेल्या ओढणीसारखा राहिला.

आणि एका साध्या मंगळवारी, दवाखान्यापासून दोन चौकांवर, गल्लीतून एक टेम्पो बाहेर आला. वेग कसला, माणूस पळतो तेवढाच. तो ताईच्या दारावर आदळला. दारातल्या माझ्या पाइपांनी त्याला तिथेच थोपवलं. टेम्पोचा दिवा फुटला, टेम्पोवाल्याला काही झालं नाही. पण ताईचं डोकं दाराच्या बाजूला फेकलं गेलं. साध्या गाडीत तिथे काय असतं? कापड, पातळ पत्रा, काच. ताईच्या गाडीत तिथे मी होतो.

आवाज फार मोठा झाला नाही. टक्, एवढाच. कानाच्या जरा वर. मी वाकलो नाही. न वाकण्यासाठीच मला घडवलं होतं. पण तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, एकदा, फक्त एकदा मला वाकता आलं असतं तर.

ताई बारा दिवस दवाखान्यात होती, आपल्याच वॉर्डात, खाटेवर. कवटीला तडा गेला होता. ती वाचली, पण खिडकीकडचा कान कायमचा गेला. एका कानाने ऐकू येतं की, लोक म्हणायचे. पण एकाच कानाला आवाज कुठून आला ते कळत नाही. ती कामावर परतली तेव्हा वॉर्डातून कुणीतरी "सिस्टर" अशी हाक मारायचं, आणि ताई मधोमध उभी राहून कोणत्या खाटेवरून हाक आली ते शोधायची. हे मी पाहिलेलं नाही. तिने नंतर सांगितलं तेव्हा मी ऐकलं.

डॉक्टरांनी डोकं कशावर आपटलं असं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, दारावर असेल. घरीही तेच सांगितलं. चेपलेलं दार बदलायला उस्तादांनी गाडी शेडमध्ये आणली. शेजारीपाजारी जमले. उस्तादांनी माझ्यावर टॉर्च फिरवली, पाइप हाताने थोपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, केसभरही वाकला नाही. यानेच माझी पोर वाचवली." आणि त्यांनी मला हात जोडले. ज्या जोडापाशी ते हात जोडून उभे होते, त्याच जोडात ताईचा एक लांब केस अडकलेला होता. त्यांना तो दिसला नाही. ताई त्यांच्या मागेच उभी होती. तिला दिसला. ती काही बोलली नाही.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

गोष्ट तेवढ्यावर राहिली असती तर कदाचित ताईने ती जन्मभर पोटात ठेवली असती. पण पिंजऱ्याने मुलगी वाचवली ही बातमी गल्लीभर झाली आणि महिन्याभरात व्हॅनकाका शेडमध्ये आले. व्हॅनकाका म्हणजे शाळेची मुलं ने-आण करणारे, सालस, दिवसातून चारदा टायर तपासणारे. त्यांना आपल्या व्हॅनमध्ये पिंजरा हवा होता. लोकांची लेकरं आहेत, उस्ताद, काही कमी ठेवू नका, असं त्यांनी हात धरून सांगितलं. उस्तादांचा ऊर भरून आला. ते लगेच मापाला लागले.

ताईची गाडी नव्या दारासाठी अजून शेडमध्येच अडकली होती, आणि त्या दुपारी ताई उस्तादांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला तिथे आली होती. व्हॅनमधली मुलं रांगेत बसली होती. उस्ताद एकेकाच्या डोक्यावर ते लाल हेल्मेट ठेवत होते आणि पंजा आडवा घालत होते. हेल्मेट मुलांच्या हनुवटीपर्यंत खाली यायचं आणि मुलं खिदळायची. "झालं," उस्ताद म्हणायचे आणि हेल्मेट उचलून पुढच्या डोक्यावर ठेवायचे. चष्मा हातात धरून ताई तशीच उभी राहिली.

व्हॅन गेली. ताई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाबा, जरा माझ्या गाडीत बसा."

उस्ताद हसत हसत, पाइपावरून पाय टाकून आत बसले. तिने खिळ्यावरचं हेल्मेट आणून त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतःचा पंजा आडवा घातला. बोटं बारीक असली तरी चारच बसली. मग तिने हेल्मेट काढून हातात घेतलं.

"आता डोकं माझ्याकडे टाका. धक्का बसल्यासारखं."

उस्तादांनी मान झोकली. टक्. अगदी हलकंच लागलं, पण आवाज तोच होता. मी तो ओळखला. त्यांनी हात वर नेला, डोकं चोळलं, आणि मग तो हात हळूहळू पाइपावरून फिरत त्या जोडापर्यंत गेला. अंगठ्याला काहीतरी लागलं. ताईने पुढे केलेला चष्मा त्यांनी लावला आणि तो केस बघितला.



"फोम लावतो," उस्ताद म्हणाले. "शर्यतीत लावतात तो. जाड."

"तो दगडासारखा असतो, बाबा. तोही हेल्मेटसाठीच असतो. वादळच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मान झटकू नये म्हणून ते खांद्यांशी बांधलेलं होतं, पट्टा आवळलेला होता. मी ड्यूटीला जाते. ती मुलं शाळेत जातात."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याला हात जोडत होतात."

उस्ताद गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले, आणि मी त्यांच्या भोवती चारही बाजूंनी उभा होतो. माणसाला असं वेढून उभं राहणं किती निरुपयोगी असतं ते मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच मला कापलं. सीटवर ओली पोती पसरली आणि ग्राइंडर सुरू केला. ज्या जोडांवरून त्यांनी अंगठा फिरवला होता, त्याच जोडांवरून पातं फिरलं. मी कुरकुर केली नाही. ताईच्या गाडीत मागची सीट परत आली, कंपनीचा साधा पट्टा परत आला. व्हॅनकाकांना उस्तादांनी घरी जाऊन सगळं सांगितलं, आपली चूक कबूल करून. मुलांसाठी सीटला बसवलेले साधे पट्टे नीट चालतात की नाही ते त्यांनी स्वतः तपासून दिलं.

माझा दारावरचा तुकडा त्यांनी फेकला नाही. मापाच्या हेल्मेटशेजारी दुसरा खिळा ठोकून मला टांगलं. हल्ली पुष्कळ तरुण येतात, रोजच्या गाडीत पिंजरा हवा म्हणतात, रुबाब दिसतो म्हणून. उस्ताद त्यांना खुर्चीत बसवतात, मला खिळ्यावरून काढून त्यांच्या कानाजवळ धरतात आणि म्हणतात, मान टाक. टक् झालं की विचारतात, "रोज हेल्मेट घालून दूध आणायला जाशील?" निम्मे हसून निघून जातात. एकदोघे कान चोळत मागणी मागे घेतात. तेवढ्यासाठी मी अजून इथे आहे.

मला दोष देऊ नका असं मी म्हणणार नाही. मैदानात, बांधलेल्या माणसाभोवती, हेल्मेटच्या बाहेर मला उभं करा, मी जीव देईन पण वाकणार नाही. पण तुमच्या माणसाच्या उघड्या डोक्याशेजारी मला बसवू नका. मला वाकता येत नाही.

दुपारी ताई कधीकधी ड्यूटीवरून परस्पर शेडमध्ये येते. पूर्वी उस्ताद जिथे असतील तिथूनच "ताई" अशी हाक मारायचे. आता ते हातातलं काम ठेवतात, शेड ओलांडतात, तिला वळसा घालून चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभे राहतात, आणि मगच हाक मारतात.